जाळीआडचे अक्षर : 'कॅन्सल' या क्रियापदाचा विचार

आगगाडीचे आरक्षण, समितीची बैठक, ठरलेला विवाह, टपालाचे तिकीट, बँकेचा धनादेश, गणितातील अपूर्णांक आणि अलीकडे तर चालता-बोलता मनुष्य, या सर्वांना लावता येईल असे एकच क्रियापद इंग्रजीने जवळ केले आहे. ते म्हणजे 'कॅन्सल'. आपण ते बोलताना जसेच्या तसे उचलतो आणि लिहिताना त्याच्या जागी 'रद्द' हा शब्द ठेवून मोकळे होतो. बोलण्यात अडत नाही, म्हणून अर्थही पोचला असे आपण धरून चालतो. परंतु या क्रियापदाच्या जन्मकथेत एक विवेक दडलेला आहे. तो खुद्द इंग्रजीतही आता झाकोळला असून मराठीत तर तो आलाच नाही. त्या विवेकाचा शोध घेणे आणि आपल्या जुन्या शब्दभांडारात त्याला सोयरीक आहे काय हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ नित्याच्या व्यवहारातील एका कागदाने करू. बँकेचे खाते कोठे जोडावयाचे असले म्हणजे आजकाल 'कॅन्सल केलेला धनादेश' मागतात. धनादेशावर दोन तिरप्या रेघा ओढावयाच्या, मध्ये तो शब्द लिहावयाचा आणि कागद देऊन टाकावयाचा. त्या कागदावर कोणालाही एक पैसा मिळणार नाही. मात्र खातेदाराचे नाव, खात्याचा क्रमांक व शाखेची खूण ही स्पष्ट वाचता आली पाहिजेत, कारण कागद मागितला आहे तो त्यासाठीच. हाच धनादेश फाडून टाकला किंवा शाईने काळा करून दिला, तर तो निरुपयोगी ठरेल. कागदाचे बळ काढून घेणे आणि त्यावरील अक्षर वाचनीय राखणे, अशा दोन अटी येथे एकाच वेळी पाळल्या जातात. 'कॅन्सल' या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच आहे, आणि बँकेच्या कारकुनाने तो भल्याभल्या ग्रंथकारांपेक्षा अधिक शुद्ध राखला आहे.

लॅटिन भाषेत 'कान्सेल्ली' म्हणजे आडव्या-उभ्या गजांची किंवा पट्ट्यांची जाळी, जाळीदार कठडा. हे अनेकवचनी रूप असून त्यातून 'कान्सेल्लारे' हे क्रियापद झाले. त्याचा पहिला अर्थ 'जाळी करणे' एवढाच होता. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने हत्तीच्या सुरकुतलेल्या कातडीचे वर्णन याच शब्दाच्या रूपाने केले आहे. कातडीवरील रेघांचे जाळे त्याच्या डोळ्यांना कठड्यासारखे दिसले. पुढे लेखनिकांनी निकामी झालेल्या दस्तऐवजावर याच जाळीसारख्या एकमेकींस छेदणाऱ्या रेघा ओढण्यास आरंभ केला आणि क्रियापदाला दस्तऐवजाचा अर्थ चिकटला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून उत्तर मध्ययुगात इंग्रजीत, असा त्याचा प्रवास झाला.

'कान्सेल्ली'च्या मुळाशी 'कार्कर' म्हणजे कोंडवाडा, बंदिशाळा हा शब्द असावा असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. दोन 'र'कारांपैकी एकाचा उच्चार बदलून हे रूप सिद्ध झाले, असे त्यांचे म्हणणे आहे. येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. लॅटिनमध्ये खेकड्याला 'कान्सर' म्हणतात, रोगाचे नाव त्यावरूनच पडले, आणि तो शब्द आपल्या 'कर्कट'शी एकाच मुळाचा आहे. ध्वनिसाम्यामुळे खेकड्याची नांगी आणि रद्द करण्याची रेघ यांचे नाते जुळविण्याचा मोह होईल. परंतु दोन्ही शब्दांची कुळे निराळी आहेत, आणि केवळ नाद ऐकून सोयरीक जुळविणे हे व्युत्पत्तिशास्त्रातील जुनेच व्यसन आहे.

जाळीच्या कुळातील इतर भावंडे मात्र खरी आहेत आणि ती मनोरंजक आहेत. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात वेदीजवळचा भाग पूर्वी जाळीने सभागृहापासून वेगळा केलेला असे. त्या भागाला इंग्रजीत 'चान्सेल' म्हणतात. गर्भगृह आणि सभामंडप यांच्यामधील उंबरठा ज्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे, त्यांना ही मर्यादा समजावून सांगावयास नको. रोमन न्यायसभेत न्यायाधीश आणि जनता यांच्यामध्ये असाच कठडा असे. त्या कठड्यापाशी उभा राहणारा साधा सेवक तो 'कान्सेल्लारिउस'. तोच काळाच्या ओघात लेखनिक झाला, लेखनिकाचा सचिव झाला, सचिवाचा इंग्लंडचा लॉर्ड चान्सेलर झाला, आणि आपल्याकडे विद्यापीठाचा कुलपती होऊन बसला. अस्थिशास्त्रात हाडाच्या टोकाजवळील सच्छिद्र, जाळीदार भागाला याच शब्दाचे विशेषण लावतात. पोर्तुगीज भाषेत 'कांसेला' म्हणजे फाटक, 'कांसेलार' म्हणजे रद्द करणे आणि 'शांसेलेर' म्हणजे मुद्रा बाळगणारा उच्चाधिकारी. गोव्यात १५४४ साली स्थापन झालेल्या 'रेलासांव' या वरिष्ठ न्यायालयात या नावाचा अधिकारी असे. तेव्हा कुंपणाचे फाटक, न्यायालयाचा अधिकारी आणि कागदावरची काट ही तिन्ही एकाच जाळीची अपत्ये आहेत.

चान्सेलर आणि कॅन्सल यांचे हे नाते ओळखताना इंग्लंडमधील एका थोर विधिज्ञाची वाट चुकली. सर एडवर्ड कोक याने असे प्रतिपादन केले की, राजाने कायद्याविरुद्ध दिलेल्या सनदा रद्द करण्याचा अधिकार ज्याचा, तो चान्सेलर. सतराव्या शतकात राजसत्तेला मर्यादा घालू पाहणाऱ्या माणसाला ही व्युत्पत्ती प्रिय वाटावी हे स्वाभाविकच होते. अठराव्या शतकात ब्लॅकस्टनने कोकचे हे मत नोंदविले, पण लगेच पुढे सांगितले की हे पद रोमन सम्राटांच्या दरबारात आधीपासूनच होते आणि त्याचा अर्थ प्रमुख लेखनिक असा असावा. अधिकारी आणि क्रियापद यांच्यात पितापुत्राचे नाते नाही. दोघे एकाच घरचे भाऊ आहेत. व्युत्पत्तीला आपल्या इच्छेचे साधन केले की विद्वानाचेही कसे होते, याचा हा चांगला नमुना आहे.

आता शब्दाच्या अर्थाकडे वळू. रद्द केलेल्या लेखाचे पुढे काय होते, हा प्रश्न रोमन विधिज्ञांनी फार बारकाईने हाताळला आहे. तिसऱ्या शतकातील मोदेस्तिनुस म्हणतो की, कर्जरोख्यावर जाळी ओढलेली असेल तर ऋणको मुक्त झाला असे अनुमान करावे. मात्र अमुक रक्कम अद्याप येणे आहे असे धनको स्पष्ट पुराव्याने दाखवू शकला, तर तेवढ्यापुरता दावा चालेल. म्हणजे जाळी हा अंतिम निर्णय नव्हे, ते एक अनुमान आहे, आणि अनुमानाला उत्तर देता येते. त्यापूर्वी, इ. स. १६६ मध्ये, मार्कस ऑरेलियस या सम्राटापुढे एका मृत्युपत्राचा वाद आला होता. मृत्युपत्र करणाऱ्याने वारसांची नावे खोडली होती. आता संपूर्ण मृत्युपत्रच निष्फळ धरावयाचे आणि मालमत्ता राजकोषात घ्यावयाची, की खोडलेल्या नावांपुरतेच ते निष्फळ धरावयाचे, असा प्रश्न होता. तेथे वापरलेले क्रियापद वेगळे आहे, पण प्रश्न आपलाच आहे. सम्राटाने अधिक माणुसकीचा अर्थ पत्करला. जेवढे खोडले तेवढेच निष्फळ करण्याचा मृताचा हेतू होता असे मानून त्याने बाकीचे दान राखले. इतकेच नव्हे, तर ज्या दासाला मुक्त करण्याचे लिहून मग त्याचे नाव खोडले होते, तोही मुक्तच होईल असा निर्णय दिला. खोडलेले नाव वाचता येत होते, म्हणून एका दासाला स्वातंत्र्य मिळाले. ते खरवडून काढले असते, तर सम्राटाच्या माणुसकीलाही वाव उरला नसता.

ब्लॅकस्टनच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १७६६ साली, खत निष्प्रभ करण्याच्या रीती सांगताना 'जाळीच्या आकाराच्या रेघा ओढणे' हा या शब्दाचा मूळ अर्थ दिला आहे, आणि तो आता कोणत्याही प्रकारच्या पुसण्या-विद्रूप करण्याला लक्षणेने लावतात, अशी पुस्तीही जोडली आहे. अर्थाचा ऱ्हास त्याच्या डोळ्यांदेखत झालेला होता. तरीही कायद्याने मूळ अर्थाची आठवण पुरती सोडली नाही. आपल्या देशातील १९६३ चा विशिष्ट साहाय्य अधिनियम पाहावा. न्यायालयाने एखादा नोंदणीकृत दस्तऐवज रद्द ठरविला, तर निर्णयाची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावयाची आणि त्याने आपल्या पुस्तकातील दस्तऐवजाच्या नकलेवर रद्द झाल्याची नोंद करावयाची, अशी व्यवस्था त्याच्या एकतिसाव्या कलमात आहे. पुस्तकातील पान फाडावयाचे नाही. दस्तऐवज आणि त्याचे मरण ही दोन्ही एकाच पानावर नांदतात. जुन्या इंग्रजी छापखान्यातही चुकीचे पान कापून त्याच्या खुंटाला शुद्ध पान चिकटवीत, आणि त्या पानाला 'कॅन्सल' हेच नाव होते. तो खुंट पाहूनच ग्रंथसूचीकार पहिल्या पाठाचा माग काढतात.

याहून आश्चर्याची गोष्ट मुद्रांकाची आहे. १८९९ च्या मुद्रांक अधिनियमाच्या बाराव्या कलमाप्रमाणे कागदावर डकवलेला मुद्रांक नाव किंवा आद्याक्षरे व तारीख आडवी लिहून, अथवा अन्य परिणामकारक रीतीने, कॅन्सल करावा लागतो. तसे केले नाही, तर त्या मुद्रांकापुरता तो कागद बिनमुद्रांकाचाच समजला जातो. पावतीवरील तिकिटावर आपण सही करतो ती याचसाठी. म्हणजे येथे रद्द केल्याशिवाय कागदाला बळच येत नाही. टपालाच्या तिकिटाचेही तसेच आहे. १८४० साली इंग्लंडात निघालेल्या पहिल्या काळ्या तिकिटावर तांबड्या शाईचा क्रूसाकृती शिक्का मारीत. तो पुसून तिकीट पुन्हा वापरता येते असे ध्यानात आल्यावर १८४१ मध्ये तिकीटच तांबडे करून शिक्का काळा केला. शिक्का बसलेले तिकीट फुकट गेलेले नसते. त्याने आपले काम केलेले असते, आणि संग्राहक त्याला जपतो तेही त्या शिक्क्यासह. अशा ठिकाणी 'रद्द' हे भाषांतर केले की अर्थ उलटा होतो. 'मुद्रांक रद्द झाला' असे ऐकणाऱ्याला मुद्रांक फेटाळला गेला असेच वाटेल.

येथे आपल्या 'रद्द' या शब्दाची परीक्षा करणे भाग आहे. तो अरबी असून फारसीच्या द्वारे आपल्या दफ्तरी भाषेत आला. परत करणे, फिरविणे, नाकारणे हा त्याचा मूळ अर्थ. 'रद्दी' आणि 'रदबदली' ही त्याचीच भावंडे आहेत. 'रद्दबातल' मधील 'बातल' हाही अरबी शब्द असून त्याचा अर्थ निष्फळ, असत्य असा आहे. या शब्दांचे परकेपण हा काही दोष नव्हे. शतकानुशतके मराठी दरबारात राबलेले ते आपलेच आहेत. दोष आहे तो आपल्या आळसाचा. इंग्रजीत वचन परत बोलावण्याला एक शब्द आहे, कायदा मागे घेण्याला दुसरा, करार तोडण्याला तिसरा, विवाह मुळातच झाला नव्हता असे ठरविण्याला चौथा. त्यांतील 'रिव्होक' मध्ये आपल्या 'वाच्'चे सगोत्र मूळ आहे आणि 'रिसाइंड' मध्ये 'छिद्'चे. हे सगळे आपण 'रद्द'च्या एका पोत्यात भरतो. 'रद्द' म्हणजे फिरविणे. तेव्हा परत बोलावण्याच्या अर्थाला तो उत्तम शोभतो. पण जाळी ओढण्याचा अर्थ त्यात नाही.

मग मराठीत तो अर्थ कोठेच नाही काय? आहे, आणि तो एका अशा वाक्प्रचारात आहे की ज्याच्या तोंडवळ्यावरून आज कोणी ओळखणार नाही. 'वचनाला हरताळ फासला' असे आपण म्हणतो. हरताळ म्हणजे हरिताल, सोमल आणि गंधक यांच्या संयोगाचे पिवळे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले की जुना लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिही. जुन्या पोथ्यांत असे पिवळे पट्टे आजही दिसतात आणि लेप विरळ झाला असेल तेथे खालचे मूळ अक्षरही डोकावते. दुकाने बंद ठेवण्याचा जो हरताळ, तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताळे यांपासून बनलेला निराळा शब्द आहे. उच्चार सारखा झाल्याने दोन्ही एकमेकांत मिसळले. पोथीतला हरताळ हे शुद्धीचे साधन होते. चूक झाकून तिच्या जागी योग्य अक्षराला बसण्यासाठी भूमी तयार करणे हे त्याचे काम. आजच्या वृत्तपत्री भाषेत तो केवळ विध्वंसाचा शब्द उरला आहे. आश्वासनाला हरताळ फासला जातो, नियमाला फासला जातो, पण त्यावर नवे अक्षर कोणी लिहीत नाही. इंग्रजी शब्दाची जाळी हरवली, तद्वत् आपल्या शब्दाची लेखणी हरवली.

धर्मशास्त्रातील व्यवहारही येथे पाहण्याजोगा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ऋणाच्या लेखाविषयी दोन सूचना आहेत. हप्त्याने कर्ज फेडीत असताना दिलेली रक्कम लेखाच्या पाठीवर लिहीत जावी, आणि कर्ज पुरते फिटल्यावर लेख फाडावा अथवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून घ्यावा. पहिल्या सूचनेत कर्ज आणि फेड एकाच कागदाच्या दोन बाजूंस शेजारी राहतात. दुसरीत फाडण्याचा मार्ग आहे, पण त्यालाही मुक्ततेच्या नव्या लेखाचा पर्याय ठेवला आहे. फारखतीची आपली जुनी चाल याच वळणाची. ऋण फिटले याचाही पुरावा असावा, हा तिच्यामागील विचार.

व्याकरणात तर हा विचार फारच सूक्ष्म झाला आहे. पाणिनीने न दिसण्याला 'लोप' अशी संज्ञा दिली, आणि लगेच पुढे असेही सांगितले की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य होतच राहते. 'अग्निचित्' या शब्दातील 'क्विप्' प्रत्ययाचा एकही वर्ण शेवटी उरत नाही, तरी अंती 'त्' येतो तो त्या लुप्त प्रत्ययामुळेच. गणितातही तेच. समान गुणकाने अंश आणि छेद यांना भागून अपूर्णांक लहान करण्याच्या क्रियेला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 'अपवर्तन' हे नाव आहे. बारा-अठरांशात सहाने काट दिली की दोन-तृतीयांश उरतो. आकडे खोडले जातात, अपूर्णांकाची किंमत तीच राहते. शाळेतील मूल पाटीवर जी तिरपी रेघ मारते ती नाशाची नसते.

एवढा प्रपंच केला तो आजच्या एका प्रयोगासाठी. गेल्या दशकापासून इंग्रजीत माणसालाच 'कॅन्सल' करण्याची भाषा रूढ झाली आहे. एखाद्याचे आक्षेपार्ह वचन किंवा वर्तन उघडकीस आले की त्याचे लेखन, कला, व्यवसाय, सहवास या सर्वांपासून लोकांनी एकदम पाठ फिरवावयाची, याला हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी शब्दकोशाने २०१९ साली 'कॅन्सल कल्चर' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, आणि अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर कोशाने २०२१ मध्ये क्रियापदाचा हा नवा अर्थ दाखल केला. आपल्या वृत्तपत्रांत त्याचे 'रद्द संस्कृती' असे भाषांतर होते. हे शब्द मराठी आहेत, पण त्यांतून मराठी माणसाला काही कळत नाही. वस्तुतः या क्रियेला आपल्याकडे फार जुने आणि फार नेमके नाव आहे : वाळीत टाकणे. ते वापरावयास आपण कचरतो, कारण ते वापरले की इतिहास अंगावर येतो.

तो यावा हेच उचित. बहिष्काराचा विधी याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात सांगितला आहे. पतिताचे बांधव गावाबाहेर दासीने आणलेला घट पालथा करीत आणि त्याला सर्व व्यवहारांतून वर्ज्य करीत. 'घटस्फोट' हा शब्द आज विवाहविच्छेदाला लागतो, पण त्याचे मूळ या विधीत आहे. परंतु स्मृतिकार तेथेच थांबत नाही. व्रत आचरून तो मनुष्य परत आला, तर बांधवांनी नवा घट पाण्यात रिता करावा, त्याची निंदा करू नये आणि त्याच्याशी सर्व प्रकारे सहवास ठेवावा, असे तो लगोलग सांगतो. घालवून देण्याच्या विधीशेजारीच परत घेण्याचा विधी लिहिलेला आहे.

यावरून जुनी रीत निर्दोष होती असे मात्र कोणी म्हणू नये. ग्रंथातील दुसरा घट प्रत्यक्ष गावात क्वचितच भरला गेला. विहीर, स्मशान, देऊळ आणि लग्नसंबंध बंद करून कुटुंबेच्या कुटुंबे जातपंचायतींनी चिरडली, आणि ज्यांना मुळात उंबरठ्याच्या आतच घेतले नव्हते त्यांच्यासाठी तर परतीचा विधीही नव्हता. म्हणूनच मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याला तो बाध आणतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने तो घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला. १९६२ च्या निर्णयाचाही फेरविचार व्हावा म्हणून २०२३ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे धाडला. रद्द झालेला कायदा आणि तो रद्द करणारा निर्णय ही दोन्ही ग्रंथांत शाबूत होती, म्हणूनच एकसष्ट वर्षांनी ती पुन्हा वाचता आली. आजच्या नव्या वाळीत टाकण्याला ना पंच, ना साक्ष, ना परतीचा घट. अपराध्याला जाब विचारू नये असे आमचे म्हणणे नाही. जाब विचारणे म्हणजे त्याचे अक्षर समोर ठेवून त्यावर रेघ ओढणे. पण अक्षरच काढून टाकले, तर दोष काय होता हे पुढच्यांना कळणार नाही आणि तो फिटला की नाही हेही कोणाला ठरविता येणार नाही.

देवस्थानांशी बांधलेल्या गोमंतकीय समाजाला हे वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. देवळांच्या जमिनी ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आल्या, आणि त्या वळविताना कोणती जमीन कोणत्या देवाची हे पोर्तुगीज दफ्तरात लिहावे लागले. त्या लेखनामागे दयाबुद्धी नव्हती, हिशेब होता. परंतु त्याच नोंदींवरून रुई गोमिश परेरा यांच्यासारख्या अभ्यासकाला गावोगावच्या लुप्त देवतांची नावे आपल्या ग्रंथात मांडता आली. १९७८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. ज्या देवतांचे स्थलांतर झाले नाही, ज्यांची परंपरा खंडित झाली, त्यांतील कित्येकांचे नाव आज केवळ त्या जप्तीच्या कागदामुळे उरले आहे. वास्तू गेली, वहिवाट गेली, पण रेघेखालचे अक्षर राहिले. सत्ताधीशाने लिहिण्याऐवजी नुसते पुसले असते, तर आपल्याला काय गमावले हेदेखील ठाऊक नसते.

या विवेचनातून दोन मागण्या निघतात. पहिली भाषेविषयी. प्रत्येक 'कॅन्सल'ला 'रद्द' हे एकच उत्तर देण्याचे आपण सोडावे. तिकीट रद्द करावे, बेत मोडावा, कार्यक्रम रहित करावा, कायद्याचे निरसन करावे, मुद्रांकावर छेद द्यावा, अपूर्णांकाचे अपवर्तन करावे, आणि माणसाविषयी बोलताना 'वाळीत टाकणे' हा खरा शब्द न लाजता वापरावा. कोंकणीतही 'मोडप' आणि 'रद्द करप' हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. भाषेजवळ जे भेद आहेत ते न वापरले तर ते मरतात.

दुसरी मागणी व्यवहाराविषयी, आणि ती आपल्या देवस्थानांच्या, मंडळांच्या, संस्थांच्या दफ्तरापुरती आहे. सभेचे इतिवृत्त लिहिताना चूक झाली की पांढऱ्या लेपाने ती नाहीशी करण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. ती सोडावी. चुकीच्या ओळीवर एकच रेघ ओढावी, शेजारी शुद्ध मजकूर लिहावा, सही करावी आणि तारीख घालावी. ज्या सभासदाचे नाव कमी केले असेल त्याचे नाव वहीतून फाडू नये. कमी का केले ते त्याच पानावर लिहावे आणि तो पुन्हा आला तर तेही तेथेच नोंदवावे. आज घेतलेल्या निर्णयाचा न्याय पन्नास वर्षांनंतर त्याच वहीवरून कोणीतरी करील. त्या वेळी रेघेखालचे अक्षर त्याला वाचता यावे.